अकरा मारुती आणि एक दिवस

परीक्षा संपल्या की आमच्या दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. सर्दी-खोकल्याची मुले कमी होतात आणि 'डॉक्टर, काल फिरायला गेलो होतो' अशी सुरुवात करणारे रुग्ण वाढतात. कुणाला जुलाब, कुणाला उन्हाचा ताप, कुणाच्या लघवीला जळजळ, तर कुणाचे गुडघे धरलेले. या मंडळींना मी गोळ्या देतो आणि वर दोन शब्द सुनावतोही. आज मात्र दुसऱ्या कुणाची नव्हे, माझ्या घरचीच गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीतील चूक माझी आहे आणि ती डॉक्टर असूनही माझ्या हातून झाली आहे, म्हणून ती वाचकांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

२०२४ सालचा मे महिना होता. पुण्याहून माझी थोरली बहीण अक्का, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, भाचा, त्याची पत्नी आणि त्यांची सात व तीन वर्षांची दोन मुले अशी मंडळी सुट्टीला उंब्रजला आली. घरात मी, आमच्या सौ. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. रात्री अंगणात गप्पा मारताना भाचा म्हणाला, "मामा, लहानपणापासून ऐकतोय, अकरा मारुती, अकरा मारुती. एकदा सगळे दाखवा की." मला तेवढेच हवे होते. औषधे लिहितो त्याच कागदावर मी तिथल्या तिथे वेळापत्रक लिहून काढले.

उंब्रजच्या माणसाला अकरा मारुतींची ओळख करून द्यायला नको. समर्थ रामदासस्वामींनी स्थापन केलेल्या या अकरांपैकी एक आमच्या गावातच आहे. चाफळला दोन आहेत. राममंदिरासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि मंदिरामागचा वीर मारुती. मग शिंगणवाडी, माजगाव, मसूर आणि शहापूर. हे सात सातारा जिल्ह्यातले. बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यातले, तर मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यातले. तीन जिल्हे, अकरा मूर्ती, आणि जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास. माझ्या कागदावर पहाटे साडेपाचला उंब्रज होते आणि रात्री आठला पुन्हा उंब्रज. मध्ये प्रत्येक मारुतीला वीस-वीस मिनिटे. जेवणाला अर्धा तास, तोही 'बहे झाल्यावर'.

आमच्या सौ. ने कागद पाहिला आणि एवढेच विचारले, "यात बसायचं कुठं लिहिलंय?"

मी हसण्यावारी नेले.

सकाळ आणि दुपार

सकाळ फार सुरेख गेली, हे कबूल केले पाहिजे. गावच्या मारुतीला नमस्कार करून गाडी चाफळकडे वळली तेव्हा डोंगरावर ऊन यायचे होते. राममंदिरात गारवा होता. मुले पायऱ्यांवर धावत होती. आईने प्रदक्षिणा घातली आणि खांबाला टेकून बसली. तिला तिथे बसायचे होते. पण माझ्या हातात घड्याळ होते. "आई, अजून नऊ राहिलेत," म्हणत मी तिला उठवले. पुढच्या चौदा तासांत हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. फक्त आकडा कमी होत गेला.

पहिला इशारा धाकट्या पोराने दिला. मसूरच्या वाटेवर गाडीच्या सर्वांत मागच्या बाकावर बसून मोबाईलवर चित्रे बघता बघता त्याला ओकारी झाली. यात नवल काहीच नाही. डोळे स्थिर चित्राकडे असतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र सांगत असते की आपण हलतो आहोत. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळते. पोराला पुढच्या बाकावर बसवले, मोबाईल काढून घेतला, काच खाली करून दूरच्या डोंगराकडे बघायला लावले आणि आल्याचा तुकडा चघळायला दिला. दहा मिनिटांत पोर हसू लागले. पण त्याने सकाळी खाल्लेले सारे गेले होते आणि थांबून त्याला पुन्हा काही खाऊ घालायला माझ्या कागदावर जागा नव्हती.

दुसरा इशारा दाजींचा. दाजी बारा वर्षांचे मधुमेही. सकाळी चहाबरोबर त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. गोळी घड्याळावर चालते, तिला मारुती ठाऊक नसतात. माझ्या वेळापत्रकात जेवण दीडला होते, प्रत्यक्षात पावणेतीन वाजले तरी आम्ही बह्याच्या वाटेवरच. एरवी मिश्किल बोलणारे दाजी गप्प झाले. मग मुलांवर विनाकारण खेकसले. अक्का म्हणाली, "दमलेत ते." मी मागे वळून पाहिले तर गाडीत वारे असूनही कपाळावर घाम, हातांना सूक्ष्म कंप. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे मी कुणालाही झोपेत सांगेन. तरी ती माझ्या ध्यानात यायला अर्धा तास लागला, कारण मी रस्ता बघत होतो. पहिल्या टपरीवर गाडी थांबवली, पाण्यात चार चमचे साखर विरघळवून त्यांना पाजली आणि वर बिस्किटे दिली. पंधरा-वीस मिनिटांत माणूस पुन्हा आपल्या जागेवर आला. "मेव्हणे, मारुतीच्या आधी तुम्ही मला दर्शन देणार होतात," असा विनोदही त्यांनी केला. सगळे हसले. मला हसू आले नाही.

तरीही मी गाडी परत फिरवली नाही. जेवणे उरकली आणि आम्ही पुढे निघालो. उरलेल्या तीनांचा हिशोब डोक्यात होता.

ज्या बायका पाणी पीत नाहीत

तिसरी गोष्ट मला दिवसभर कळलीच नाही. पाण्याची वीस लिटरची बरणी गाडीत होती. दुपारी चारला ती जवळजवळ अर्धी शिल्लक. मला वाटले, सर्वांची काळजी घेतली, पाणी पुरून उरले. खरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. भाचेसुनेला थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखू लागले, लघवीला आग होऊ लागली. तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला. मी विचारले, "त्या दिवशी पाणी प्यालीस का?" ती गप्प. अक्का म्हणाली, "अरे, कुणीच प्यालो नाही. मी नाही, ती नाही, आई पण नाही. प्यायलं की जायला लागतं. आणि जायचं कुठं?"

हे वाक्य मी दवाखान्यात शेकडो वेळा ऐकले असेल. पण घरातल्या तीन बायका आपल्याच गाडीत, आपल्या डोळ्यांदेखत, मे महिन्याच्या उन्हात तहान मारून बसल्या होत्या आणि मी डॉक्टर म्हणून पुढच्या बाकावर बसलो होतो. पुरुषांनी दोनदा गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभे राहून काम भागवले. बायकांसाठी आम्ही विचारणाही केली नाही. त्यांनीही सांगितले नाही. सहा-सात तास लघवी तुंबवणे आणि त्यात पाणी कमी, म्हणजे जंतूंना घरच करून देणे आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला फार चालावे लागत नाही. वारंवार लघवी होत राहिली तर ते वाहून जातात, तुंबली तर वाढतात.

यावर कुणी म्हणेल, स्वच्छतागृहे कुठे कुठे आहेत की. आहेत. पण कडी नसलेले दार, कोरडा नळ आणि आत पाऊल टाकवणार नाही अशी फरशी, याला स्वच्छतागृह म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. मी कोणत्याही एका गावाचे वा देवस्थानाचे नाव घेत नाही, कारण हे एका गावाचे दुखणे नाही. तीर्थक्षेत्र वा पर्यटनस्थळ म्हटले की कमान उभी राहते, रस्ता होतो, फलक लागतो. बायकांसाठी कडी लागणारे दार आणि बादलीभर पाणी यांचा क्रम शेवटी लागतो. माझे स्पष्ट मत आहे की ज्या ठिकाणी स्त्रीला निर्धास्तपणे लघवीला जाता येत नाही, ते ठिकाण सहलीसाठी तयार झालेले नाही, मग तिथे कमान कितीही उंच असो.

दाजींचे पाऊल

आता मुख्य गोष्ट. ती आधी सांगायला हवी होती, पण त्या दिवशी ती आम्हांला दिसलीच नाही, म्हणून इथेही उशिरा आली.

भर दुपारी एका देवळाच्या दगडी पटांगणातून आम्ही अनवाणी चाललो. चूक देवळाची नव्हे, तिथे त्या वेळी माणसे नेणाऱ्याची. आम्ही सगळे 'हाय हाय' करत, टाचांवर उड्या मारत सावलीकडे पळालो. धाकट्या पोराला भाच्याने उचलून घेतले. एकटे दाजी मात्र शांतपणे, रमतगमत, शिखराकडे बघत चालत आले. आई कौतुकाने म्हणाली, "जावईबापूंची भक्ती बघा. उन्हाचा चटका सुद्धा लागंना."

वाचकहो, त्या वेळी माझ्या मनात घंटा वाजायला हवी होती. ती वाजली नाही. मीही कौतुकाने पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काला अंथरुणाच्या चादरीवर पिवळसर डाग दिसले. दाजींच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. दुसरा टाचेला. दाजींना पत्ता नव्हता. दुखत नव्हते ना! मी पाय हातात घेतला आणि कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवला. "काय वाटतं?" "काही नाही." जाडसर धाग्याने टोचून पाहिले. "आता?" "कुठं टोचलंत?" बारा वर्षांच्या मधुमेहाने तळपायाच्या नसा बधिर केल्या होत्या आणि हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हते. उन्हाने तापलेला दगड पन्नास-साठ अंशांपर्यंत सहज जातो. तुम्हा-आम्हाला तो चटका देऊन हाकलतो. दाजींना हाकलणारे कुणी उरले नव्हते.

वेदना हा शत्रू नव्हे, पहारेकरी आहे. तो झोपला की घर उघडे पडते.

जखम चिघळली. कऱ्हाडला नेऊन मलमपट्टी, प्रतिजैविके आणि साखर आटोक्यात यावी म्हणून इन्शुलिन असे सारे करावे लागले. आठवड्याची सुट्टी सहा आठवड्यांची झाली. एका टप्प्यावर अंगठा ठेवायचा की काढायचा, असाही विषय निघाला. त्या रात्री अक्का ओसरीवर बसून होती. मला म्हणाली नाही काही. तिने काही म्हटले असते तर बरे वाटले असते. अखेर अंगठा वाचला. दाजी आज चालतात, पण बिनशिवणीचे मोजे आणि मऊ तळाची पादत्राणे घालूनच.

या सहा आठवड्यांत मला एका गोष्टीची लाज वाटत राहिली. बारा वर्षांत दाजींचे तळपाय मी एकदाही पाहिले नव्हते. दवाखान्यात येणाऱ्या मधुमेह्याला मी 'चप्पल काढा' म्हणतो. दाजी घरचे, त्यांना काय म्हणायचे! घरच्या माणसाची तपासणी होत नाही, फक्त चौकशी होते. 'कशी आहे साखर?' 'बरी आहे.' संपले.

एवढी घाई कशाची?

दाजी अंथरुणावर असताना मी समर्थांविषयीचे एक जुने पुस्तक चाळत होतो. त्यात या मारुतींच्या स्थापनेची सालवारी होती. परंपरेप्रमाणे पहिला शहापूरचा, शके १५६६ मधला. शेवटचा शिराळ्याचा, शके १५७६ मधला. म्हणजे अकरा मारुतींना दहा वर्षे लागली. समर्थांनी दहा वर्षांत उभे केले ते आम्ही पंधरा तासांत उरकले. तेही कशासाठी? मारुती ही बलाची देवता. तिच्यासमोर जोर-बैठका काढाव्यात, शरीर कमवावे, हा त्या उपासनेचा हेतू. आम्ही बलाच्या अकरा देवतांना भेटून आलो आणि आठातले तीन जण आजारी पडलो.

हा दोष केवळ आमचा नाही. 'एका दिवसात किती पाहिले' हा आकडा आपल्याला प्रिय असतो. परत आल्यावर शेजारी विचारतात ते 'कसे होते' असे नव्हे, 'काय काय केलं' असे. महाबळेश्वरला गेलेला माणूस 'बारा पॉइंट झाले' म्हणतो. 'झाले' हे क्रियापद पाहा. जणू कर्जाचे हप्ते.

पाहण्यानेही शीण येतो, हे शंभर वर्षांपूर्वी नोंदले गेले आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन इव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा शीण' या विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तू नीट बघायला सांगितले आणि तसे करताना त्याची छायाचित्रे काढली. कधी तो कमरेत वाकला आहे, कधी मान उंचावली आहे, कधी उकिडवा बसला आहे. गिलमन यांचे म्हणणे असे की इतके कष्ट माणूस फार वेळ सोसत नाही. थोड्या वस्तू नीट पाहतो आणि बाकीच्यांवर नुसती नजर टाकून पुढे सरकतो. आमचेही तेच झाले. संध्याकाळी शिराळ्याला पोहोचलो तेव्हा गाडीतून उतरले फक्त दोघे, मी आणि भाचा. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले.

भाच्याने नंतर एक गोष्ट सांगितली, ती मला फार बोधप्रद वाटली. २०२३ च्या जुलैमध्ये तो बायको-मुलांसह स्पेनला गेला होता. सेव्हिल नावाच्या शहरात त्यांचा एकच दिवस मुक्काम. तिथे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. भाच्याने तिथेही असाच कागद केला होता, सकाळी मोठे चर्च, मग राजवाडा, मग नदी, मग चौक. मुक्कामाच्या जागेवरील बाईंनी कागद पाहिला आणि दुपारी दोन ते सहाच्या ओळींवर काट मारली. "या वेळात आमच्याकडे फक्त कुत्री आणि पाहुणे रस्त्यावर असतात," त्या म्हणाल्या. मंडळी नाइलाजाने जेवून झोपली. संध्याकाळी उठून बाहेर पडली तर सारे गाव रस्त्यावर होते, आजी-आजोबा, बाबागाडीतली पोरे, सगळे. मुलांना त्या सहलीतले आज जे आठवते ते त्या संध्याकाळचे. चर्चच्या मनोऱ्यावर जायला पायऱ्यांऐवजी चढाव आहेत, त्यावरून मोठ्याने धावत जाऊन आदल्या दिवशीच्या थकव्याची भरपाई केल्याचेही त्याने सांगितले. याच सेव्हिलने २०२२ साली उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावे द्यायला सुरुवात केली, पहिल्या लाटेचे नाव झोए. नाव दिले की माणसे लाटेला गांभीर्याने घेतील, हा हेतू. उन्हाळ्यात तिथल्या गल्ल्यांवर कापडी छते ताणतात. दुपार ही टाळायची वेळ, हे त्या शहराने अंगी बाणवून घेतले आहे.

मी भाच्याला विचारले, "मग इथे का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "मामा, तुम्ही डॉक्टर. मला वाटलं, तुम्ही विचार करूनच लिहिलं असणार."

पण हे शिकायला स्पेनला कशाला जायला हवे? आपला शेतकरी मे महिन्यात बाराला औत सोडतो आणि बाभळीखाली आडवा होतो. दुपारी बैलालाही उन्हात कुणी जुंपत नाही. आम्ही सुशिक्षित माणसे गाडीची काच वर केली की ऊन संपले, असे समजतो.

निघण्यापूर्वी

सहली करू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. सहलीने घरातली माणसे एकत्र बसतात, मुलांना आपला मुलूख कळतो. माझे म्हणणे इतकेच की सहलीचा वेग घरातल्या सर्वांत अशक्त माणसाने ठरवावा, सर्वांत उत्साही माणसाने नव्हे. त्या अनुषंगाने काही सूचना:

१. ठिकाणे तीनपेक्षा जास्त नकोत. उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर फिरावे. मधली वेळ सावली, जेवण आणि झोप यांची.

२. मधुमेह्याचे जेवण घड्याळाप्रमाणे. शिदोरी मांडीवर हवी, गाडीच्या टपावर नको. खिशात साखर वा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, कंप, चिडचिड, बडबड दिसली की तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित दवाखाना गाठावा.

३. मधुमेह्याने तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. देवळात जाडसर पायमोजे चालत असतील तर घालावेत, नाहीतर ऊन चढण्यापूर्वी जावे. मारुती सकाळीही भेटतो. रात्री आरशात दोन्ही तळवे पाहावेत, स्वतः दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. चटका बसलाच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. फोड फोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. वर्षातून एकदा तरी तळपायाची संवेदना तपासून घ्यावी. साध्या नायलॉनच्या तंतूने दोन मिनिटांत ती तपासता येते.

४. निघण्यापूर्वीच बायकांनी कुठे थांबायचे ते ठरवावे. नातेवाइकाचे घर, ओळखीची शाळा, चांगला पेट्रोलपंप, काहीही. दर दोन-तीन तासांनी थांबायचेच, कुणी म्हणो वा न म्हणो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

५. बंद उभ्या गाडीत मूल वा म्हातारे माणूस पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना व ग्रामपंचायतींना हात जोडून विनंती. पायताणे काढण्याच्या जागेपासून गाभाऱ्यापर्यंत काथ्याची एक पट्टी अंथरा, उन्हाळ्यात तिच्यावर दुपारी पाणी मारा. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी लावा आणि नळाला पाणी ठेवा. सावलीत चार बाके टाका. याला फार पैसा लागत नाही. एका कमानीच्या खर्चात असे बरेच काही होईल.

त्या वर्षी दिवाळीत मंडळी पुन्हा आली. या वेळी कागद आमच्या सौ. ने लिहिला. त्यावर एकच नाव होते, चाफळ. सातला निघालो, बाराच्या आत घरी जेवायला परत. मुले नदीकडे जाऊन आली. दाजी मोजे घालून सावलीत बसले. आई त्या खांबाला टेकून तास-दीड तास बसली. कुणी तिला उठवले नाही.

मे महिन्यातल्या त्या सहलीनंतर मी तिला विचारले होते, "कसं झालं दर्शन?" तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, अकरा मारुती बघितलं खरं, पर एकाचं बी तोंड ध्यानात न्हाई." दिवाळीत परतताना तिला काही विचारावे लागले नाही. गाडीत बसल्या बसल्या ती पणतवंडांना आपणहून सांगत होती, तो रामाच्या समोर हात जोडून कसा उभा आहे, आणि एवढा ताकदवान असून कसा नम्र आहे ते.

पोरे ऐकत होती. कुणालाही ओकारी झाली नाही.